नाही म्हणणारी भट्टी



'बेकरीतला गॅसचा ओव्हन तापत नाही' हा काही इतिहासाचा विषय वाटत नाही. मिस्त्रीला बोलवावे, पैसे द्यावेत आणि मोकळे व्हावे, असेच कोणीही म्हणेल. पण जन्मभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. एखादी वस्तू समोर आली की ती इथे कधी आली, कोणी आणली आणि का आणली, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. इथे छावणीत माझ्या भाच्याची लहानशी बेकरी आहे. तिथल्या ओव्हनच्या निमित्ताने गेले दोन हिवाळे मी या विषयात बरीच शिरले आणि एक गोष्ट लक्षात आली. लाकडाची भट्टी सहसा 'नाही' म्हणत नसे. गॅसचा ओव्हन म्हणतो. त्याच्या प्रत्येक 'नाही'मागे मुद्दाम बसवलेला एक पहारेकरी असतो आणि त्या पहारेकऱ्यालाही त्याचा इतिहास असतो. आज तोच सांगणार आहे.

सुरुवात आपल्या गावापासून करू. दौलताबाद इथून जवळच. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून तिथे हलवली. त्याच्या फौजेबरोबर नान-खलिया इकडे आला असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यातले एक सूत्र खरे आहे. फौज आली की तिच्यामागे भट्टी येते. हजारो माणसांच्या पोळ्या तव्यावर एकेक करून भाजता येत नाहीत.

छावणीचेही तसेच. एकोणिसाव्या शतकात इथे हैदराबाद कंटिंजंटचे ठाणे होते. पैसा निजामाचा आणि अधिकारी इंग्रज, अशी ही फौज. १८५७ च्या जून महिन्यात इथल्या घोडदळाने उठाव केला, तो याच फौजेतला. इंग्रज अधिकाऱ्यांना रोज ताजा पाव लागे, त्यामुळे देशातल्या बहुतेक छावण्यांच्या आजूबाजूला पावाच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. 'पाव' हा शब्द मात्र इंग्रजांचा नव्हे. तो आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. गोव्यात पाव करणाऱ्याला 'पदेर' म्हणतात आणि तिथे पूर्वी पीठ फुगवायला माडाची ताडी घालत. किनाऱ्यावर आलेला हा पाहुणा घाट चढून देशावर आला आणि आता तर तो घरचाच झाला आहे.

जुन्या भट्टीचे काम तसे सोपे. विटांची कमान, खाली विटांचीच जमीन, पुढे एक तोंड. आत लाकडे पेटवायची, विटा चांगल्या तापू द्यायच्या, निखारे बाजूला ओढायचे आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीने पाव आत सारायचे. विटांनी साठवलेली उष्णता पुढे तासन्‌तास पुरते. कडक आचेला पाव, ती उतरली की बिस्किटे, आणि अगदी शेवटच्या मंद आचेवर टोस्ट वाळवायचे. भट्टी किती तापली हे बघायला चिमूटभर पीठ जमिनीवर टाकायचे. ते किती वेळात तांबूस होते, यावरून कारागीर ठरवी. तापमापक म्हणजे त्याचे डोळे आणि हात.

भट्टी तापली नाही तर कारणेही मोजकीच असत. लाकूड ओले आहे, धुराडे तुंबले आहे, किंवा कमानीची वीट निखळली आहे. यातले काहीही झाले तरी भट्टी थोडीफार पेटतच असे. धूर कोंडला, डोळे चुरचुरले, खोकल्याची ढास लागली, तरी आणखी एक ओंडका आत टाकला की काम पुढे चाले. किंमत कारागिराच्या छातीने मोजायची. ती कोणाच्या हिशोबात येत नसे.

आता गॅसकडे वळू. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन गावच्या जेम्स शार्प यांनी १८२६ साली गॅसच्या शेगडीचे पेटंट घेतले. हा गॅस दगडी कोळशापासून काढलेला. लोकांना भीती वाटे की अन्नाला गॅसचा वास लागेल, घरात स्फोट होईल. १८४१ साली लंडनच्या रिफॉर्म क्लबची नवी इमारत उघडली. तिथले मुख्य आचारी अलेक्सी स्वायर यांनी मोठ्या मुदपाकखान्यात गॅसवर स्वयंपाक करून दाखवला. आच हवी तेवढी, हवी तेव्हा मिळते, हा त्यांचा मुद्दा होता. हेच स्वायर पुढे क्रिमियाच्या युद्धात गेले आणि सैन्यासाठी त्यांनी शेगडी तयार केली. पुन्हा फौज आणि चूल एकत्र आल्या, बघा.

१८५५ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट बुन्सेन यांचा बर्नर आला. शाळेच्या प्रयोगशाळेत तो सगळ्यांनी पाहिला आहे. नळीच्या बुडाशी एक भोक, त्यातून हवा आत शिरते आणि गॅसमध्ये आधीच मिसळते. मग ज्योत पिवळी न राहता निळी होते, काजळी धरत नाही आणि जास्त तापते. आज बेकरीतल्या ओव्हनच्या बर्नरलाही हेच तत्त्व लागू आहे. ज्योत पिवळी दिसली की समजावे, हवा कमी पडते आहे किंवा जेटमध्ये काहीतरी अडकले आहे. बेकरीत ते 'काहीतरी' बहुधा मैद्याची धूळ असते, कधी कोळ्याचे जाळेही असते.

आपल्याकडे मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. तो गॅस नळातून येई आणि नळ होता तेवढ्याच भागात मिळे. मराठवाड्याला त्याचा काही उपयोग नव्हता. आपल्यासारख्या गावांना गॅस मिळाला तो सिलिंडरमुळे. बर्मा शेल कंपनीने १९५५ साली मुंबईत सिलिंडरचा गॅस सुरू केला आणि १९६५ साली इंडियन ऑइलचा 'इंडेन' कलकत्त्यात आला. नळ नसलेल्या गावातही गॅस पोचू शकतो, हे या लोखंडी बाटल्याने शक्य केले. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, व्यावसायिक १९ किलोचा.

इथपर्यंतचा इतिहास सुखाचा आहे. पण लाकूड आणि गॅस यांच्यात एक मोठा फरक आहे. लाकूड विझले तर विझते, त्यापुढे काही होत नाही. गॅसची ज्योत विझली तरी गॅस येतच राहतो. ओव्हन म्हणजे दार असलेली पेटी. त्या पेटीत गॅस साठला आणि मग कोणी काडी ओढली, तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून ज्योत विझल्याबरोबर गॅस आपोआप बंद होईल, अशी काहीतरी युक्ती हवी होती. तिचे बीज मात्र कितीतरी आधी आणि भलत्याच कामात पेरले गेले होते.

१८२१ साली बर्लिनमध्ये थॉमस सीबेक नावाचे शास्त्रज्ञ प्रयोग करत होते. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या त्यांनी दोन्ही टोकांना जोडल्या आणि एकच सांधा तापवला. जवळ ठेवलेली होकायंत्राची सुई हलली. सीबेक यांना वाटले, उष्णतेने चुंबकत्व निर्माण झाले. प्रत्यक्षात त्या पट्ट्यांतून वीज वाहू लागली होती आणि सुई विजेमुळे हलली होती. डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी ते ओळखले. एक सांधा गरम आणि एक थंड असला की विजेचा अगदी बारीक प्रवाह मिळतो, एवढेच ते तत्त्व. त्यावर चालणाऱ्या जोडीला थर्मोकपल म्हणतात.

साध्या गॅस ओव्हनमध्ये एक लहान ज्योत सतत तेवत असते, तिला पायलट म्हणतात. थर्मोकपलचे टोक त्या ज्योतीत असते. त्यातून वीस ते तीस मिलिव्होल्ट एवढाच दाब मिळतो, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या सेलच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका. एवढ्याशा विजेवर एक लहान विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की टोक थंड होते, वीज थांबते, चुंबक सुटतो आणि स्प्रिंग झडप मिटवते. बॅटरी लागत नाही, माणूस लागत नाही.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. हा चुंबक झडप स्वतःहून उघडू शकत नाही, तेवढी ताकद त्याच्यात नाही. उघडलेली झडप तो फक्त धरून ठेवतो. म्हणून पेटवताना आपल्याला बटण वीस-तीस सेकंद दाबून धरावे लागते. उघडायचे काम माणसाचे, मिटायचे काम यंत्राचे. विचार करून केलेली वाटणी आहे ही.

दुसरा पहारेकरी आपल्या नाकाशी बसतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो. जो येतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा. गॅसला असा वास देणे सक्तीचे का झाले, हे वाचले त्या दिवशी मला जेवण गेले नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेने खर्च वाचवण्यासाठी तेलविहिरींवरचा फुकट जाणारा गॅस घेतला होता. त्याला वास नव्हता. जमिनीखालच्या पोकळीत तो गळत राहिला आणि कोणाला कळले नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटायला थोडाच वेळ उरला असताना, कार्यशाळेत एका यंत्राचे बटण दाबले गेले आणि ठिणगी पडली. सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक गेले. त्यानंतर टेक्सासमध्ये गॅसला वास देण्याचा कायदा झाला आणि पुढे ही पद्धत जगभर गेली. गॅसचा वास आला की आपण नाक मुरडतो. मी आता मुरडत नाही. त्या वासाची किंमत कोणत्या वर्गांनी दिली ते मला ठाऊक आहे.

असो. आता भाच्याच्या ओव्हनकडे येते, म्हणजे या इतिहासाचा आजचा उपयोग काय तेही कळेल.

पहिल्या हिवाळ्यात पहाटे त्याचा फोन आला, "आत्या, ओव्हन तापतच नाहीये. सिलिंडर तर परवाच लावलाय." मी गेले तेव्हा मिस्त्री आधीच आले होते. साठीतले गृहस्थ, दखनी बोलणारे. त्यांनी ओव्हनला हातच लावला नाही. आधी दारात उभे राहून वास घेतला, मग सरळ सिलिंडरपाशी गेले. सिलिंडरच्या खालच्या अंगाला पांढरे बर्फ धरले होते. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ होते ती बर्नरला मिळते आणि वाफ होताना द्रव थंड होत जातो, माठातले पाणी गार होते तसाच. डिसेंबरातली थंड पहाट, एकच सिलिंडर आणि मोठा ओव्हन. पुरेशी वाफच होत नव्हती. आतल्या मिश्रणातले ब्युटेन शून्याच्या जरासे खालीच उकळते, त्यामुळे सिलिंडर इतका गारठला की तो जवळजवळ गप्प बसतो. यावर सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे किंवा आडवा करणे हे उपाय लोक करतात. दोन्ही धोक्याचे. आडवा केला तर वाफेऐवजी द्रवच नळीत येऊ शकतो. मिस्त्रींनी भाच्याला वितरकाकडून रीतसर दोन सिलिंडरची जोडणी करून घ्यायला सांगितली. काम वाटले गेले आणि बर्फ धरायचे थांबले.

दुसऱ्या हिवाळ्यात वेगळेच झाले. पायलट पेटे, पण बटण सोडले की विझे. दाबून धरले की जळतो, सोडले की जातो. हे थर्मोकपलचे लक्षण. त्याचे टोक ज्योतीतून सरकले असेल, काजळीने माखले असेल, त्याची जोडणी ढिली झाली असेल किंवा वयानेच ते निकामी झाले असेल. मिस्त्रींनी टोक पुसले, जागेवर बसवले, जोडणी आवळली. तरी झडप धरेना, म्हणून भाग बदलला. ओव्हन तासाभरात तापला.

त्या दिवशी बोलता बोलता मिस्त्रींनी जे सांगितले, त्यासाठी हा सगळा लेख. एका बेकरीत त्यांना हेच बटण तारेने बांधून ठेवलेले आढळले. थर्मोकपल बदलायचा खर्च नको, माल वेळेवर निघायला हवा, म्हणून कोणीतरी पहारेकऱ्याचे हातपाय बांधले होते. "बाई, ओवन तो गरम हो रहा था, मगर बेकरी अंधी हो गई थी," ते म्हणाले. मिस्त्रींनी तार तोडली आणि नवा भाग बसेपर्यंत ओव्हन पेटवू दिला नाही. मालक त्यांच्यावर रागावला. रागावणारच, त्याचा दिवसाचा माल बुडाला. पण पहाटे तिथे पेटीसमोर वाकून उभा राहणारा मुलगा कोणाचा तरी मुलगाच असतो.

मोठ्या, नव्या ओव्हनांमध्ये पायलटऐवजी पंख्याचा बर्नर असतो. तिथेही रीत तीच आहे. आधी पंखा फिरून आत साठलेला गॅस बाहेर काढतो, मग ठिणगी पडते, मग ज्योतीत शिरलेली एक धातूची काडी 'ज्योत आहे' असा निरोप देते. निरोप आला नाही तर यंत्र कुलूप घालते आणि लाल दिवा लावते. काडीवर काजळी बसली तरी तसे होते. पुन्हा चालू करायचे बटण एकदा दाबून बघावे. पाचपाचदा दाबत बसू नये. यंत्र कशाला नाही म्हणते आहे ते आधी बघावे.

मिस्त्रींकडून मी क्रम लिहून घेतला, तो असा. आधी वास. वास असेल तर काडी नाही, विजेचे बटण नाही, सिलिंडर बंद, दारे-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर आणि १९०६ या क्रमांकावर फोन. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावे. वास नसेल तर गॅस येतो आहे का ते बघायचे: सिलिंडर, रेग्युलेटर, नळी. मग पायलट. पेटवण्याचा प्रयत्न फसला तर ओव्हनचे दार उघडे ठेवून निदान पाच मिनिटे थांबून मगच दुसरा. पायलट टिकतो, पण मोठा बर्नर लागत नसेल तर थर्मोस्टॅट किंवा मुख्य झडप. बर्नर लागतो, पण ओव्हन हवा तेवढा तापत नसेल तर ज्योतीचा रंग, दाराची पट्टी आणि थर्मोस्टॅटचे आतले टोक जागेवर आहे का, ते बघायचे. त्याआधी एक वेगळा तापमापक आत ठेवून खरे तापमान किती ते पाहायचे, कारण कधी कधी ओव्हन बरोबर असतो आणि खोटे बोलत असतो तो बाहेरचा आकडा. झडप उघडणे आणि भाग बदलणे हे काम मात्र जाणत्या मिस्त्रीचेच.

ओव्हनमधली आच आपोआप सांभाळणारा 'रेग्युलो' इंग्लंडमध्ये १९२३ साली आला. म्हणजे चिमूटभर पीठ टाकून आच ओळखणाऱ्या हाताला पर्याय मिळून शंभर वर्षे झाली. त्या हातांचे कसब मात्र अजून संपलेले नाही, आणि माझी खरी काळजी इथेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात आदेश दिला की मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळावे. आदेश मुंबईचा असला तरी वारे कुठे वाहते आहे ते उघड आहे. कारागिरांच्या छातीचा विचार करता ते योग्य दिशेने वाहते आहे असे मला वाटते, जुन्या ब्रून पावाची चव कितीही आठवली तरी.

पण नुसती भट्टी मोडून ओव्हन बसवला म्हणजे बदल पूर्ण होत नाही. ज्या कारागिराने आयुष्यभर कधी नकार न देणारी भट्टी सांभाळली, त्याची सवय 'काहीही करून पेटव' अशी असते. लाकडाला ती सवय चालली. गॅसला ती चालत नाही. ओव्हन देताना त्याला कोणीतरी बसवून सांगायला हवे की हे बटण का दाबून धरायचे, हा वास का आहे, हा लाल दिवा का लागतो. नियम पाठ करून घेतले की पोरे परीक्षेपुरते लक्षात ठेवतात आणि कारण सांगितले की जन्मभर, हा माझा वर्गातला अनुभव आहे. बटणाला तार बांधणारा माणूस वाईट नव्हता. त्याला ते बटण तिथे का आहे हे कोणी सांगितले नव्हते.

भाच्याने आता हा क्रम मोठ्या अक्षरात लिहून बेकरीत लावला आहे, मराठीत आणि हिंदीत. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, नात्यात, ओळखीत बेकरी किंवा भटारखाना असेल तर हे त्यांना जरूर वाचून दाखवा. आणि आपापल्या गावच्या जुन्या भट्ट्यांच्या आठवणी असतील तर खाली लिहा. जाणकारांनी भर घालावी, वाट बघते.